अर्धं पदक

व्हेनिसमध्ये नोव्हेंबरचं धुकं भरदुपारी उतरतं. त्या दिवशी दुधाची बाटली, लंगोट आणि गाण्याची पानं एकाच पिशवीत कोंबून ओर्सोला तालमीला निघाली, तेव्हा कालवा दिसतच नव्हता. नुसता त्याचा खारट, कुजका वास येत होता. कडेवर तान्ही तुल्लिया. बाटली उकळली होती ना, हा प्रश्न तिला नेमका पुलावर पडला आणि ती अर्ध्या वाटेवरून परतून बघून आली.

तालीम जुन्या अनाथालयाच्या चर्चमध्ये होती. इथल्याच टाकून दिलेल्या पोरींसाठी तीनशे वर्षांपूर्वी लाल केसांच्या एका पाद्रीनं हे तालमीतलं स्तोत्र रचलं. वरच्या सज्जात लोखंडी जाळीमागे उभ्या राहून त्या गायच्या, एरवी पुरुष गातात तो खर्जसुद्धा त्याच. ऐकायला सगळा युरोप लोटायचा. पण तोंड कुणाचं दिसत नसे आणि आडनाव कुणालाच नव्हतं. पुढं ती पानं दोनशे वर्षं धूळ खात पडली. आता जगभर गाजतात. नाव पाद्रीचं.

ओर्सोलाचा आवाज खोल. खर्ज आपण गायचा म्हणून बाळंतपणापासून ती मोरीत, स्वैपाकघरात, पाळण्याशी घोटत होती. गायनप्रमुख फुल्विओनं मात्र खर्जासाठी पादुआहून पुरुष बोलावले होते.

"बाईच्या गळ्यात खर्ज? त्याआधी मांजर भुंकेल," तो म्हणाला. "आणि हे बोचकं कशाला आणलंत?"

"इथं पोरीच गायच्या, मायेस्त्रो. मिशा लावून नव्हे."

बायका फिदीफिदी हसल्या. तो हसला नाही. "मूल बाहेर. नाहीतर तुम्ही बाहेर."

ओर्सोलाचं डोकं सणकलं. दारालगत भिंतीत एक कोनाडा होता. आता त्यात छत्र्या ठेवत. एके काळी आया तिथंच लेकरं सोडून जायच्या. अर्धं पदक बाळाच्या गळ्यात, अर्धं आईच्या मुठीत. पुढंमागं दोन तुकडे जुळले, की मूल आईच्या हवाली. ओर्सोलानं छत्र्या भिरकावल्या आणि झोपलेल्या तुल्लियाला शालीसकट तिथं ठेवलं.

"अगं, तिथं नको!" चर्चची झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या झानेत्तानं तिचं मनगट धरलं. "तिथं ठेवलेलं मूल आपलं राहत नाही. आम्ही पावाचा तुकडासुद्धा ठेवत नाही तिथं."

"एका गाण्यापुरतं, झानेत्तामावशी. दाखवतेच त्याला."

पुरुषांची बोट धुक्यात अडकली होती. फुल्विओनं चरफडत हात उचलला. संथ भाग सुरू झाला... आणि ओर्सोलानं तोंड उघडण्याआधीच खर्ज आला. वरून. जाळीमागून. कितीतरी गळे, बायकांचेच, पण विहिरीच्या तळातून यावेत तसे. मेणाचा आणि नासक्या दुधाचा वास पसरला. फुल्विओचा हात हवेतच राहिला.

"वर... कोण आहे?"

"कुणी नाही," झानेत्ता पुटपुटली. "जिना कधीच पडलाय..."

ओर्सोला कोनाड्याकडे धावली. तुल्लिया जागी होती, शांत. गळ्यात मळक्या फितीला अर्धं पदक. वर जाळीवर कुणीतरी धातूचा तुकडा वाजवत होतं. टक... टक...

भीती वाटायला हवी होती. तिला संताप आला. "तुम्हांला कोंडलं, तुमचा आवाज तेवढा घेतला... कबूल! पण ते त्यांच्याकडून वसूल करा. ही माझी आहे!"

स्वर थांबले.

पुरुष पोचले तेव्हा फुल्विओनं त्यांना दारातूनच परत धाडलं. कार्यक्रमाच्या दिवशी खर्ज ओर्सोला गायली, मूल छातीशी बांधून. फितीची गाठ तोवर सुटली नव्हती. कात्रीसुद्धा चालली नव्हती. खर्जाला इशारा देताना फुल्विओ तिच्याकडे नाही, वर जाळीकडे बघत होता. टाळ्या थांबेनात.

घरी येऊन तिनं मुलीचं झबलं उतरवलं. फीत तीच होती. पदक मात्र अखंड होतं. सांधासुद्धा दिसत नव्हता.

दोन तुकडे जुळले, की मूल आईच्या हवाली. आणि ओर्सोलाच्या मुठीत तर कधीच काही नव्हतं. दुसरा तुकडा वर, जाळीमागं होता.

पाळण्यातलं मूल हसलं. तुल्लियासारखंच, अगदी तुल्लियासारखंच. ओर्सोलानं वाकून त्याची टाळू हुंगली.

मेणाचा वास येत होता.