हैबतजींचा दहावा

वाघजाईगड खानाच्या हाती दिल्यास तुळोजीला काय लाभणार होते, ते आधी पाहू. सात गावांची देशमुखी, मानाचा पोशाख, आणि 'हैबतजींचा पुतण्या' या ओळखीतून कायमची सुटका. यातले तिसरे त्याला सर्वांत गोड वाटत होते. ते त्याने खानालाही सांगितले नव्हते.

पूर्वेच्या कड्यावर तांबडे फुटले होते, दरीत खानाच्या राहुट्यांतून धूर निघत होता, आणि चार महिन्यांच्या वेढ्याने वाळलेली शे-सव्वाशे माणसे, डोईला पागोटे नाही, कमरेला तलवार नाही, अशी देवटाक्याच्या काठी उभी होती. कारण किल्लेदार हैबतजींचा आज दहावा होता, आणि दहाव्याला हत्यार बांधून उभे राहण्याची त्या गडाची रीत नव्हती. तुळोजीचा सारा बेत या रीतीवर उभा होता. चोरदिंडीचा म्हातारा पहारेकरी भिकनाक याला "तू काकांचा जुना सोबती, तूच नाहीस तर दहावा कसला?" असे गोड बोलून त्याने तिथून उठवले होते आणि मागाहून दिंडीची कडी काढली होती. झेंडाबुरुजावर ऊन पडले की खानाची माणसे कपारीने वर येणार; तोवर विधी उरकून तुळोजी आपल्या घराचे दार लावून बसणार.

विधी मात्र उरकेना. पिंड मांडून घटका झाली, कावळे तटावर ओळीने बसले, पण शिवायला एकही उतरेना.

"त्यांच्या मनात काहीतरी राहिलंय," अनंतभट म्हणाले. "ज्याला जे सुचेल ते कबूल करा."

तोफखान्याचा जमादार पुढे झाला. "किल्लेदार, तुमची लंगडी घोडी आम्ही कापणार नाही. उपाशी मरू, पण नाही."

कावळे ढिम्म.

कोठीवरची सगुणाबाई पदर सावरत म्हणाली, "आबा, नाचणीत पुन्हा कोंडा मिसळणार नाही. मिसळला तो दोनदाच."

"चारदा!" मागून कोणीतरी म्हणाले, आणि त्या भेदरलेल्या घोळक्यातही हसू फुटले. ती कोंड्याची भाकरी हैबतजींनी शिपायांच्या पंगतीत बसून, चकार शब्द न काढता खाल्ली होती, हे सर्वांनी पाहिले होते.

मग त्यांची विधवा लेक चिमाऊ पुढे आली. अंगावर अकरा जखमा वागवणाऱ्या बापाला तिने लहानपणी विचारले होते, "आबा, तुम्हांला भीती नाही वाटत?" तेव्हा ते म्हणाले होते, "वाटते की गं. म्हणून तर प्रत्येक दार दोनदा बघतो."

"आबा," ती म्हणाली, "मला फार भीती वाटते. पण दारं मी बघत जाईन." कावळे हलले नाहीत. तिने वळून पाहिले. "दादा, पिंड तुमच्या हातचा. तुम्ही बोला."

तुळोजीची नजर झेंडाबुरुजावर होती. ऊन काठीवरून खाली सरकत होते.

"काका, गड सांभाळीन," तो पुटपुटला.

एक कावळा पायरीवर उतरला, मान वाकडी करून तुळोजीकडे बघत राहिला, आणि परत उडाला.

"पुन्हा," अनंतभट म्हणाले, "आणि जरा मोठ्यानं, तुळोजीराव. पुटपुटून पितरांना गुंडाळता येतं, असं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही."

दूर, रीतीप्रमाणे सगळ्यांपासून अंतर राखून उभ्या असलेल्या भिकनाकाला टाक्यावरच्या पिंपळात दडलेला ससाणा केव्हाच दिसला होता. "ससाणा बसलाय जी," तो म्हणालाही. पण तिकडे कोणाचे कान नव्हते. कावळे ससाण्याला भीत होते, आणि तुळोजी कावळ्यांना. त्याचे गुडघे टेकले.

"काका, चुकलो! चोरदिंडीची कडी काढलीय मी! ते वर येताहेत!"

सगळे दिंडीकडे धावले. निःशस्त्र, बोडके, अनवाणी. दूर उभा केल्यामुळे भिकनाकच दिंडीला सर्वांत जवळ होता. तो पोचला तेव्हा फळी वीतभर उघडली होती. त्याने तिला पाठ लावली. फटीतून भाल्याचे पाते आत आले, बाहेर गेले, पुन्हा आले. पाठ हलली नाही. दुसरी पोचली चिमाऊ. दातांवर दात वाजत असतानाच तिने त्याच्याशेजारी खांदा टेकला.

"तुम्ही मागं व्हा, आक्का," तो म्हणाला.

"मला मागं होता येत नाही रे, पाय हलत नाहीत," ती म्हणाली.

जमादार आणि त्याचे गडी आदळले, फळी मिटली, कडी पडली. वर तटावरून धोंडे सुटले आणि कपार रिकामी झाली.

तीन आठवड्यांनी खानाने वेढा उठवला. धोंड्यांखाली मेलेली त्याची चौदा माणसे दरीतच राहिली. तुळोजीला चिमाऊने कड्यावरून लोटू दिले नाही. महादरवाजाने खाली खानाकडे धाडले, आणि गड न देणाऱ्या फितुराचे खानाने काय करायचे ते केले. दरबारातून नवा किल्लेदार आला, तेव्हा चिमाऊला बापाचे घर रिकामे करावे लागले. गड राहिला तो दरबाराला.

भिकनाक त्या सकाळीच, दिंडीशी गेला होता. आदल्या रात्रीपासून तो उपाशी होता. दहाव्याचे जेवण त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचायचे होते.