चौथं कडवं

पाऊस झिमझिमत होता आणि घाटातल्या वळणावर, भर रस्त्यात, एक पायपेटी उभी होती.

ऑर्लेनानं पिकअप थांबवला. पेटीवर कुणीतरी आपला लांब काळा कोट पांघरला होता आणि कोटाचा मालक शेजारी कुडकुडत होता. केस हिरवेगार, बुटांना साखळ्या. त्याच्या गाडीचं मागचं फळकूट मोडून लोंबत होतं.

"मयताला निघालास का?" तिनं काच खाली करून विचारलं.

"नाही... पण ही आणखी भिजली तर इथेच एक मयत होईल. तुमच्या गाडीत जागा आहे?"

"तुला की तिला?"

"तिला. मी येईन मागून चालत."

तिला हसू आलं. "बस आत. आणि मला तुम्ही म्हणू नकोस, मी काही मास्तरीण नाही."

त्याचं नाव डॉर्सी. खाणीलगतच्या बंद पडलेल्या शाळेत तो आणि त्याची ड्रमवाली मैत्रीण गोल्डी मिळून एक कॅसेट करत होते. दोनशे प्रती, हातोहात वाटायच्या. केंटकीच्या डोंगरातली जुनी गाणी, त्यांना काउबॉय थाटाची गिटार, वरून पंकचा दणदणाट आणि खाली स्मशानात घुमावी तशी ही पायपेटी.

"ऐकणार कोण हे?" ऑर्लेनानं विचारलं.

"तू. आत्ताच."

पेटीचा भाता फाटला होता. तो शिवायला म्हणून ती दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी भाता ठाकठीक होता, तरी गेली. पायानं भाता मारता मारता ती नकळत गुणगुणली आणि डॉर्सीची गिटार थांबली.

"हे काय आहे?"

"आईचं गाणं. नदीत बुडालेल्या मुलीचं."

"कॅसेटवर म्हणशील?"

"वेडा आहेस? आमच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही. माझे बाबा एकेक ओळ सांगतात, लोक मागून गातात. त्यांना कळलं तर..." ती थांबली. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ती चर्चमध्येही गायली नव्हती. हे तिनं त्याला सांगितलं नाही. पण त्यानं आग्रह सोडला, पेटीच्या झाकणावर गरम कॉफीचा पेला आणून ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाला, "नको तर नको. तू नुसती येत जा."

त्या 'येत जा'नं घोळ केला. पुढच्या गुरुवारी ती स्वतःहून म्हणाली, "लाव तुझं यंत्र."

टेप फिरू लागली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या शेवटी तिनं डोळे उघडले, तर दारात बाबा! हातात टोपी, खांद्यावर पाऊस. तिचा पिकअप रोज दुपारी शाळेबाहेर उभा असतो, ही बातमी अख्ख्या खोऱ्याला होती. त्यांनाच काय ती उशिरा लागली.

ऑर्लेनाचं गाणं तिथेच तुटलं. गोल्डीनं काठ्या हवेतच धरल्या. फक्त पेटीचा एक सूर लांबत राहिला, कारण पाय थांबवायचंही तिला सुचलं नाही.

मग बाबांनी खाकरून चौथ्या कडव्याची पहिली ओळ दिली. रविवारी चर्चमध्ये देतात तशीच, उंच आणि थरथरती. ऑर्लेनानं ती उचलली. त्यांनी दुसरी दिली, तिनं तीही उचलली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज कुठेही कापरा झाला नाही. शेवटी गोल्डीचा ड्रम असा दणाणला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

टेप थांबली.

"तुझी आई हे याहून सावकाश म्हणायची," बाबा म्हणाले. मग डॉर्सीकडे वळले. "आणि हेच का ते, डोक्यावर गवत उगवलेलं?"

"हो, साहेब."

"ते ढोल बडवणं मला आवडलं नाही."

"बरं, साहेब."

"माझा आवाज पुसू नकोस मात्र." आणि ते ओल्या कपड्यांनिशीच बाकावर जाऊन बसले, पुन्हा ऐकायला.

ऑर्लेना मोकळ्या हवेत पायरीवर येऊन बसली. मागोमाग डॉर्सी. पाऊस आता फक्त झाडांवरून ठिबकत होता.

"सोमवारी आम्ही कॅसेटी घेऊन निघतोय," तो म्हणाला. "दोन महिने. गावोगाव."

"माहीत आहे. गोल्डीनं सांगितलं."

"ऑर्लेना... मी मेलेल्यांवरची अकरा गाणी गातो. जिवंत माणसाला काय म्हणायचं, ते मात्र..."

"सरळ म्हणायचं."

त्याचे कान लाल झाले. हिरव्या केसांखाली ते फारच गोड दिसत होते.

"भाता शिवून झाला, तेव्हा वाटलं, तो फाटलेलाच बरा होता, तू येत तरी राहिली असतीस," तो म्हणाला. "तू मला आवडतेस. फार."

तिनं त्याचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर हळूच फुंकर घातली.

"दोन महिने जास्त होतात," ती म्हणाली. "एकाच महिन्यात ये."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी येईन शोधत. तुझ्यासारखं डोकं लांबूनही दिसतं."

आतून बाबांचा आवाज आला, "अरे पोरांनो, हे यंत्र पुन्हा कसं लावायचं?"

दोघंही हसत उठले. हात मात्र कुणीच सोडला नाही.