गुडघ्याच्या उंचीवर पुसलेले पट्टे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि अनुपमाला थापा मारता येत नाहीत. लहानपणी आमच्या सगळ्या भानगडी तिच्यामुळेच घरी कळायच्या.

अमावास्येची रात्र, सुनसान रस्ता, असलं काही नाही.

जून २००९. अबुधाबीजवळची खलिफा सिटी. शुक्रवारची भर दुपार.

मंदीत लोक एका रात्रीत देश सोडून पळाले होते. भाडी धाडकन उतरली. म्हणून तर अनुपमा आणि तिचा नवरा उपेंद्र शारजातल्या कोंदट खोलीतून उठून थेट व्हिलाच्या तळमजल्यावर राहायला आले. सहा वर्षांच्या मैथिलीला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळाली. भिंतींवर लव्हेंडर, म्हणजे फिकट जांभळे, पट्टे हवेत, हा तिचा हट्ट.

पट्टे दोघांनी घरीच मारले. पांढऱ्या भिंतीवर उभ्या रेघा आखल्या, मास्किंग टेप लावली, जुन्या कार्डानं घासून तिच्या कडा बसवल्या आणि रोलर फिरवला. रंग ओला असतानाच टेप ओढायची, म्हणजे कड स्वच्छ निघते.

वरून टेप सर्रकन सुटली. कड सरळसोट.

गुडघ्याच्या उंचीवर आली... आणि अडकली.

अनुपमानं जोर लावून ओढली. मागे काहीतरी बुळबुळीत होतं. लाळेसारखं, तार धरणारं. त्यात केस. आखूड, तपकिरी.

"ब्रशचे असतील," उपेंद्र म्हणाला.

ब्रश त्यांनी वापरलाच नव्हता.

शी. लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून रविवारी मैथिली शाळेत गेल्यावर अनुपमा खोली झाडायला गेली. चारही भिंतींवर पट्टे एकाच उंचीला पुसलेले. वर स्वच्छ, खाली स्वच्छ, मधेच ओलसर, चिकट डाग. दाराजवळ सगळ्यात जास्त.

आणि वास... ओल्या कुत्र्याचा, कुजलेल्या पोतेऱ्याचा.

तिनं डेटॉलनं पुसलं. टेप लावून पुन्हा रंगवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग आवाज सुरू झाला. भर दुपारी, बंद दारामागून.

चप... चप... चप...

दार उघडलं की थांबायचा.

"एसी गळत असेल," उपेंद्रचं आपलं चालूच. एसीवाला बघून गेला. थेंबभरही गळत नव्हता.

त्याच आठवड्यात एका दुपारी मैथिली खोलीतून जेवायला आली. घास घ्यायला तोंड उघडलं...

जिभेवर जांभळट थर होता.

अनुपमानं बोट घालून तो खरवडला. चिकट निघाला. त्यात एक केस. आखूड, तपकिरी. तिनं लेकीच्या थोबाडीत दिली, आयुष्यात पहिल्यांदा. "भिंत चाटतेस? घाणेरडी कुठली."

मैथिली हुंदके देत म्हणाली, "आय टेस्टेड इट फर्स्ट, मम्मा. आय टोल्ड हिम, इट्स नॉट वॉटर. बट ही वोंट स्टॉप."

अनुपमा तशीच बाहेर वॉचमनच्या खोलीकडे गेली. मोहिद्दीनचाचा, रायगडकडचे, म्हसळ्याचे. ती त्यांना रोज चहा पाठवायची.

"चाचा, आमच्या आधी इथे कोण होतं? खरं सांगा."

त्यांनी मान खाली घातली. एक कुटुंब होतं. नोकरी गेली, गाडी विमानतळावर टाकून सगळे पसार झाले. कुत्र्याला मैथिलीच्या त्या खोलीत कोंडून.

"आधी भुंकायचं, भाभी. मग भुंकणं बंद झालं. एसी चालूच राहिलेला, भिंतीला पाणी सुटायचं. तेच चाटत असणार. बाहेर ऐकू यायचं."

"आणि तुम्ही नुसतं ऐकत बसलात?"

"किल्ली होती. पण घरमालकाला विचारल्याबिगर कसं उघडू? मालकाचा फोन लागेना. वाटलं, ते लोक येतील परत, इन्शाल्ला."

"नंतर रंग कोणी दिला?"

"मीच."

"आधी भिंत धुतली होती?"



"वास जाम होता, भाभी. वरनंच मारला."

अनुपमा सांगते, भीती नंतर वाटली. आधी त्या माणसाची शिसारी आली. त्यांचा चहाचा कप तिनं तिथल्या तिथे कचऱ्यात टाकला.

उपेंद्रनं घरी येऊन रंग खरवडला. पापुद्रे सुटत गेले. खाली...

गुडघ्याच्या उंचीवर प्लास्टर चाटून चाटून खोलगट झालेलं. पिवळं पडलेलं. आणि त्यात रुतलेलं एक तुटकं नख.



आठवड्याभरात घर सोडलं. उपेंद्रनं फुजैराला नोकरी धरली. नव्या घरात साध्या पांढऱ्या भिंती. वास नाही, आवाज नाही. वाटलं, खलास, सुटलो.

पण मैथिली झोपेना. "ही केम विथ अस, मम्मा. ही इज स्टिल थर्स्टी."

शेवटी अनुपमानं तिच्या पलंगाशी पाण्याचा एक वाडगा ठेवला. लेक शांत झोपली.

सकाळी वाडगा रिकामा... आणि कडेला लाळ.

तेव्हापासून रोज तेच. इतकी वर्षं झाली, अनुपमा तो वाडगा दुसरीकडे तोंड करून धुते. कोण पितं ते बघूया, असं उपेंद्र किती वेळा म्हणाला. ती बघू देत नाही.

मी एकदा तिला फोनवर विचारलं, एवढं काय घाबरतेस त्या कुत्र्याला?



"कुत्रंच येत असेल ना, तर मी देवाला नारळ फोडीन," ती म्हणाली. "पण सकाळी मैथिलीची हनुवटी ओली असते गं."

मैथिली पुढच्या आठवड्यात कॉलेजसाठी पुण्याला येतेय. माझ्याकडेच राहणार आहे. भाची आहे माझी, नाही कसं म्हणणार. तिच्या सामानात तो वाडगाही आहे.