ऐरणीवरचा पाना

ज्याला खोटं वाटत असेल त्याने इथेच थांबावं. पण हे घडलेलं आहे. ज्याच्यावर बेतलं त्याच्या बायकोने, वच्छलाबाईने, देवापुढे दिवा लावून सांगितलेलं आहे.

आणि रात्री नाही घडलं.

भर दुपारी घडलं.

साल एकोणीसशे अडुसष्ट. जळगाव जामोद. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन गेली होती. ऊन असं की कुत्रीसुद्धा उभ्या ट्रकखालून हलत नव्हती. बुऱ्हाणपूरच्या रस्त्याला एक पत्र्याचं गॅरेज होतं. गॅरेज पुंजाजी उस्तादाचं. त्याच्या हाताखाली राबायचा चिंतामण.

पुंजाजी माघात वारला. त्याच गॅरेजात, ऐरणीशेजारी, हातात पाना धरून. मूठ सोडवताना माणसांना घाम फुटला.

उस्तादाची एक सवय होती. तो रागवायचा नाही. चिंतामण काम करत असला की मागे येऊन उभा राहायचा. बघत राहायचा. आणि मधेच हातातला पाना ऐरणीवर वाजवायचा…

टक्… टक्…

चिंतामण समजायचा, आपलं चुकलं. जुळवलेलं सगळं परत खोलायचा. मग उस्ताद स्वतः हात घालायचा, इंजिन धडधडायचं आणि गिऱ्हाईक म्हणायचं, हात पाहावा तर पुंजाजीचा.

चिंतामण जळायचा. आत कुठेतरी रोज थोडा थोडा जळायचा. उस्ताद गेला तेव्हा तो रडला, पण त्या रडण्यात सुटकाही होती. आता तरी आपलं नाव निघेल, असं त्याला वाटलं.

कसलं काय. मेल्यावर पुंजाजी आणखीच मोठा झाला.

त्यात भगवानरावांची मोटार आली. भगवानराव मोठे जमीनदार. मोटार विलायती, कासवाच्या पाठीची, इंजिन मागे. पाणी लागत नाही, वाऱ्यावरच थंड होते. इंजिन पूर्वी पुंजाजीने बांधलं होतं. आता ते झिजलं होतं आणि सातपुड्याच्या चढावर धापा टाकत होतं.

"पुंजाजी असता तं मले फिकीर नव्हती," भगवानराव म्हणाले. "आता तू करून पाह्य. चढ चढली नाई, तं गाडी अकोल्याले नेतो."

एवढं सगळ्यांच्या देखत. गाडी अकोल्याला गेली की पुढचं एकही गिऱ्हाईक त्या पत्र्याखाली आलं नसतं.

चिंतामणने इंजिन उतरवलं, खोललं. प्रत्येक सिलिंडरच्या बुडाशी त्याला तांब्याची दोन-दोन पातळ कडी दिसली. उस्तादाचीच करामत. कडी जास्त घातली की सिलिंडर उंच बसतो, पिस्टनच्या वर जागा जास्त उरते आणि दाब कमी पडतो. तेव्हा पेट्रोल पिंपातून यायचं, हलकं असायचं. जास्त दाबात इंजिन ठोके द्यायचं. पण आता गावात पंप होता. पेट्रोल चांगलं होतं.

एक कडं पुरे.

त्याने हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उलटं ठेवलं. डॉक्टरकडून आणलेल्या काचेच्या पिचकारीने त्यात तेल सोडलं. किती तेल मावतं, तेवढी जागा. खडूने फरशीवर हिशेब मांडला, पुन्हा मोजलं. बरोबर. प्रत्येक सिलिंडरखालचं एक-एक कडं त्याने काढलं, खिशात टाकलं आणि इंजिन परत जुळवत आणलं.

आणि तेव्हा…

टक्… टक्…

त्याने वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. ऐरण होती. ऐरणीवर उस्तादाचा पाना होता, जिथे असायचा तिथेच.

सवय वाईट. हात आपोआप थांबला. आपलं चुकलं, असंच त्याला वाटलं. त्याने सगळं खोलून परत मोजलं. हिशेब तोच आला. त्याने इंजिन पुन्हा जुळवलं, गॅरेजला कुलूप घातलं आणि जेवायला घरी गेला. घास उतरेना. वच्छलाबाईने विचारलं तर म्हणाला, ऊन लागलं.

परत आला तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. इंजिन हाताने फिरवून बघितलं.

दाब लागेना. हाताला अगदी मऊ लागत होतं.

त्याने खिशात हात घातला…

खिसा रिकामा.

खोलून बघितलं तर प्रत्येक सिलिंडरखाली दोन-दोन कडी. नीट बसवलेली. पुंजाजी बसवायचा तशी, तेलाचं बोट फिरवून.

चिंतामण तिथून पळाला तो थेट उस्तादाच्या घरी. पुंजाजीची बायको सोजराबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. आणि शेवटी, इतक्या वर्षांचं जे साचलं होतं ते बाहेर पडलं. मेल्यावरही उस्ताद माझ्या चुका काढतोय, म्हणाला.

सोजराबाईचे हात सुपातच थांबले.

"चुका?" ती म्हणाली. "तुह्या चुका त्यायले दिसतच नव्हत्या रे. तुहं काम जमलं, का ते घरी येऊन जेवत नसत. म्हणत, पोऱ्याचा हात माह्यापेक्षा चांगला हाय. जळत होते ते तुह्यावर."

चिंतामणला तेव्हा उमगलं.

टक् म्हणजे चूक नव्हती. टक् म्हणजे जमलं होतं.

जितक्या वेळा जुळवलेलं खोललं, तितक्या वेळा ते बरोबर होतं. त्याला राग यायला हवा होता. रागही आला. पण त्याआधी आनंद झाला, हे वच्छलाबाई मुद्दाम सांगते. उस्ताद माझ्यावर जळत होता. माझ्यावर!

दुसऱ्या दिवशी त्याने जास्तीची कडी काढली. पाना उचलला. दोन्ही नेऊन गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत टाकले. पाण्याचा आवाज ऐकला. मग येऊन इंजिन जुळवलं.

गॅरेजात कसलाच आवाज झाला नाही.

मोटार चढावर अशी गेली की भगवानरावांनी वर थांबवून खाली उतरून बघितलं. पुंजाजीच्या वेळीही अशी चालली नव्हती, असं ते चार लोकांत बोलले. नांदुरा, मलकापूरहून गाड्या येऊ लागल्या. चिंतामणला लोक उस्ताद म्हणू लागले.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

काही वर्षांनी समोर, रस्त्याच्या पलीकडे, वैजनाथ नावाच्या तरण्या मेकॅनिकने गॅरेज टाकलं. बोलायला गोड, हाताला हलका. चिंतामण पहिल्यांदा हसला. मग गिऱ्हाईक मोजू लागला. मग घरी जेवताना ताटावरून उठू लागला. एका दुपारी भगवानरावांची तीच मोटार समोर उभी राहिली. वैजनाथकडे.

पुन्हा उन्हाळा. पुन्हा तसंच ऊन.

वैजनाथने इंजिन चढवलं, सुरू केलं. एका झटक्यात लागलं. आवाज एवढा साफ की चिंतामण दारात येऊन ऐकत राहिला. त्याने स्वतः बांधलं होतं तेव्हाही इतकं साफ नव्हतं, हे त्याच्या कानाला कळलं.

वच्छलाबाई डबा घेऊन आली ती तेवढ्यात. पत्र्याखाली पाऊल ठेवताच तिला ऐकू आलं…

टक्… टक्…

चिंतामण ऐरणीपाशी उभा होता. डोळे समोरच्या गॅरेजवर. त्याच्या हातात पाना होता.

तोच.

तिने जवळ जाऊन त्याचं मनगट धरलं. पाना बर्फासारखा गार होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. त्या उन्हात. विहिरीच्या शेवाळाचा वास येत होता.

"हे कुठून आनलं हो तुम्ही?" तिने विचारलं.

चिंतामणने खाली बघितलं. आपल्या हातात काही आहे, हे त्याला तेव्हा कळलं.

पलीकडे वैजनाथने इंजिन बंद केलं. कान देऊन ऐकलं. कपाळाला आठ्या घातल्या. इंजिनात ठोका आहे असं त्याला वाटलं असणार. त्याने सामान उचललं आणि ते चांगलं, साफ चाललेलं इंजिन परत खोलायला घेतलं.

वच्छलाबाईने नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा तिला ओळखू येईना.

तो हसत होता.

चिंतामण आता नाही. ते गॅरेज कित्येक वर्षं बंद आहे. वैजनाथ म्हातारा झालाय, पण अजून काम करतो. काम मनासारखं जमलं की त्याचा हात थांबतो. मग तो रस्त्यापलीकडच्या गंजक्या पत्र्याकडे एकदा बघतो, आणि जुळवलेलं परत खोलायला घेतो.