वराचं तोंड कुणीकडे

चर्चचं कुलूप काढायला ती सकाळी गेली, तेव्हा भिंतीला लावलेल्या परांचीवर एक माणूस पाय सोडून बसला होता आणि फुटलेल्या खिडकीतून खुशाल आत डोकावत होता.

"अहो! कोण तुम्ही? आधी खाली उतरा!"

"उतरतो की. पण तुम्हीच बोलावलंत... मी काचवाला."

"काचवाला दुपारी येणार होता."

"दुपारी ऊन डोक्यावर येतं. रंग पाहायचे तर हाच उजेड. शिवाय मला उशीर करायची सवय नाही."

तिला हसू आलं. उशीर न करणारा पुरुष तिनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

ती चर्चच्या पाळकांची एकुलती एक मुलगी. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची, भिंगं घासून चौकटीत बसवायची. आई गेल्यापासून चर्चची किल्लीही तिच्याच कमरेला. सगळे तिला 'शहाणी' म्हणत, आणि ते नाव पडलं होतं त्या खिडकीवरून.

खिडकीत दहा कुमारींची गोष्ट होती. लग्नघरी वराची वाट पाहणाऱ्या दहा मुली. पाच शहाण्या, दिव्याबरोबर जास्तीचं तेल आणणाऱ्या. पाच तशाच आलेल्या. वराला उशीर होतो, दिवे विझू लागतात, तेल आणायला गेलेल्या परत येतात तोवर दार बंद. मधल्या चौकोनात वर उभा असे. तोंड शहाण्यांकडे, पाठ बाकीच्यांकडे. वादळात फांदी आदळली आणि नेमका तोच चौकोन फुटला; वराचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत कसेबसे अडकून राहिले.

ख्रिस्त हा वर आणि मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे भाविक, ही त्याची वधू, असं पाळक दरवर्षी समजावून सांगत. वधूनं निष्ठेनं वाट पाहावी, असं म्हणताना त्यांची नजर हमखास पहिल्या बाकावरच्या लेकीवर जाई. तिचं लग्न एका डॉक्टरशी ठरलं होतं. ते परदेशी गेले आणि तिकडेच रमले. 'पुढच्या वर्षी नक्की,' असं दर वर्षी फोनवर सांगत. मग उपासनेनंतर आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आमच्या शहाणीच्या दिव्याला तेलाची कमी नाही हो!" ती हसायची. हसून हसून तिचे गाल दुखायचे.

त्याच आठवड्यात काचवाला दुकानात आला आणि तपासणीच्या उंच स्टुलावर बसला.

"काय त्रास होतो?"

"जवळचं दिसत नाही नीट."

"कधीपासून?"

"परांचीवर चढल्यापासून."

तिनं त्याचा एक डोळा झाकला, भिंग बदललं, पुन्हा बदललं. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ त्यानं न अडखळता वाचली.

"डोळे उत्तम आहेत तुमचे. दुखणं दुसरीकडे असेल."

"असेल... त्यावर भिंग मिळतं का?"

"आमच्याकडे नाही मिळत," ती म्हणाली आणि विनाकारण एक स्वच्छ भिंग पुसायला लागली.

तो म्हणाला, "एक विचारू? खिडकीतल्या त्या बाहेर राहिलेल्या पोरी रडतायत, आणि हा वर मागं वळूनसुद्धा बघत नाही. असं का?"

"गोष्टच तशी आहे."

"आणि तुम्ही कुठल्या पाचांतल्या?"

"शहाण्यांतली. सगळेच म्हणतात."

"सगळ्यांचं सोडा."

काय झालं कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "तेल संपत आलंय माझं." मग तिनं डॉक्टरांबद्दल सगळं सांगून टाकलं. त्याचा चेहरा पडला. स्टुलावरून उतरत तो म्हणाला, "माहीत नव्हतं. नाहीतर असलं बोललो नसतो... येतो." त्यानंतर दुकानाच्या रस्त्यानं तो कधी दिसला नाही.

नवा चौकोन बसला. रविवारी खिडकीवरचा पडदा काढला आणि पहिल्या बाकावरून आत्याचा आवाज आला, "अगं बाई! वर भलतीकडेच बघतोय!"

खरंच. वरानं शहाण्यांकडे पाठ केली होती आणि विझलेले दिवे घेऊन उभ्या असलेल्या पोरींकडे तो बघत होता. मंडळीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, हा अपशकुन. कुणी म्हणालं, छान, दयाळू दिसतोय.

पाळकांनी काचवाल्याला बोलावून घेतलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

"परांची बाहेरून होती. म्हणून कागद बाहेरून लावून आकार उतरवला. कारखान्यात तो कागद उलटायचा असतो. आतून बघणाऱ्याला सरळ दिसायला हवं ना."

"मग उलटला का नाही?"

"विसरलो. लक्ष नव्हतं."

"कुठं होतं लक्ष?"

त्यानं एकदाच वर पाहिलं. पाळकांकडे नव्हे... आणि लगेच नजर खाली. "चूक माझी आहे. नुसता फिरवून चालणार नाही, रंगकाम आतल्या बाजूला लागतं. नवा करून देतो."

तिचे कान गरम झाले. तो आकार उतरवत होता त्या सकाळी आत कोण होतं, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना पाळक म्हणाले, "काचवाल्यानं चौकोन काढून नेलाय, पण निम्मी मंडळी म्हणते तो तसाच परत बसवा. तुला काय वाटतं?"

"बाबा, होशेय संदेष्ट्याची बायको घर सोडून गेली, तेव्हा त्यानं दार लावून घेतलं?"

"छे. शोधून परत आणली तिला."

"काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला. तयारी कमी पडली म्हणून येशू यजमानाला बोलला का?"

"नाही. पाण्याचा द्राक्षारस केला." पाळकांचा चेहरा उजळला. "म्हणजे वर वळलेलाच राहू द्यावा म्हणतेस?"

"नाही. सरळ करून घ्या."

त्यांचा घास हातातच राहिला.

"दहा कुमारींची गोष्ट आहे तशीच राहू दे. दार बंद झालं म्हणजे झालं. माझ्या सोयीसाठी मी शास्त्र वळवणार नाही. पण तुम्हीही शास्त्रासाठी मला वळवू नका. मंडळीनं प्रभूची वाट पाहावी, कारण तो येणार हे तिला ठाऊक आहे. डॉक्टर प्रभू नाहीत, बाबा. आणि मी मंडळी नाही. मी तुमची मुलगी आहे."

पाळकांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "तुझी आई असती तर..."

"तिनं मला काय हवं ते केव्हाच विचारलं असतं."

"हो," ते म्हणाले. "आणि मला झापलंही असतं." मग उठून त्यांनी फोन उचलला आणि तिच्यापुढे धरला. "तू बोलतेस, की मी बोलू?"

"मीच बोलते."

"पुढच्या वर्षी नक्की..." डॉक्टरांनी सुरुवात केली.

"नको. तुम्ही वाईट नाही. फक्त येत नाही आहात. मी तुम्हाला मोकळं करते."

पलीकडे एक लांब श्वास सुटल्याचं तिला ऐकू आलं. ओझं उतरवलेल्या माणसाचा श्वास. तिला रडू आलं; त्या माणसासाठी नव्हे, गेलेल्या वर्षांसाठी. पुरेसं रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं, केस नीट केले आणि आत्या "अगं, निघालीस कुठं?" म्हणेपर्यंत ती रस्त्याला लागलीसुद्धा.

कारखान्यात भट्टीची ऊब होती. शिशाच्या पट्ट्या टेबलावर वाकड्यातिकड्या पडल्या होत्या. त्यानं चर्चमधून काढून आणलेला चौकोन सुटा केला होता. वराच्या चेहऱ्याची काच वेगळी ठेवलेली.

"त्या दिवशी लक्ष कुठं होतं तुमचं?"

तो दचकला. "आता विचारताय?"

"तेव्हा बाबा समोर होते."

"आणि... डॉक्टर?"

"त्यांना मोकळं केलं. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. तुमचं अजून ठरायचंय. बोला."

त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. "तुम्ही बाकावर चढून चौकटीची धूळ पुसत होतात. वरच्या काचेचा निळा उजेड तुमच्या अर्ध्या गालावर... मी म्हटलं, हा रंग कुठल्या भट्टीत मिळत नाही. कागद उलटायचा राहूनच गेला."

तिनं वराच्या चेहऱ्याची काच उचलून उजेडात धरली. वर त्याच्याकडे बघत होता. तिनं काच फिरवली, आता तिच्याकडे.

"हा नक्की कुणाकडे बघतोय?"

"धराल तसा."

"मग मीच धरते," ती म्हणाली. "माझ्याशी लग्न कराल? विचार करायला वेळ घ्या. पण फार नको."

"घेतला," तो म्हणाला. "करतो."

खिडकी सरळ झाली. अजूनही आहे तशीच, दार बंद, वर शहाण्यांकडे तोंड करून. चुकलेला चेहरा मात्र तिच्या घराच्या खिडकीत टांगलेला असतो आणि वाऱ्यानं दोन्हीकडे बघतो.

लग्नाच्या दिवशी नवरा इतक्या लवकर आला की चर्चला कुलूप होतं. नवे बूट घालून तो पायरीवर बसून राहिला. आत्यानं कपाळाला हात लावला, "वरापुढंच दार बंद! शास्त्रात असं कुठं लिहिलंय?"

तेवढ्यात पांढरा झगा मुठीत उचलून वधू भराभरा चालत आली. मागं धापा टाकत पाळक.

"फार वेळ बसलात का?"

"वाट पाहायला शिकतोय जरा."

"पुरे झालं शिकणं. सरका," ती म्हणाली. तिनं कमरेची किल्ली काढली आणि दार उघडलं.