ग्रहावरची प्रदक्षिणा

देवळाच्या पंगुनी उत्सवाने मद्रासच्या मैलापूरचे रस्ते अडवले, आणि त्या गुरुवारी संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला एकटी तुळसीच पोचली. बँकेतून सुटून ती घरी गेली असती, पण घरी आई हैदराबादचं स्थळ घेऊन बसलेली. आजवर पंधरा जण तिला बघून गेले. कुणी नाही म्हटलं, कुणी कळवतो म्हणून गप्प बसलं. या सोळाव्याने होकार दिला होता. माणूस तिला आवडला नव्हता, नावडलाही नव्हता. रविवारी उत्तर द्यायचं होतं, आणि ती आता इतकी कंटाळली होती की हो म्हणून मोकळी होणार होती.

चपला बाहेर काढून ती एसीच्या खोलीत शिरली. कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसलेले सर स्वतःशीच म्हणाले, "अय्यो... मेलो की पुन्हा!"

मद्रासेत मराठीतून मरणारा माणूस! तुळसीला हसू फुटलं. सर ओशाळले. सेतुमाधव त्याचं नाव. तोही तिच्यासारखाच तंजावरच्या मराठी घरातला निघाला, आणि महिनाभर क्लासात दोघं एकमेकांशी तमिळच बोलत होते.

शिकवायला त्याला जोर नव्हता, शिकायला तिला. मग तो खेळत होता तो गेमच त्याने तिला दाखवला. ओसाड ग्रहावर एकटा अंतराळवीर, अंधारी भुयारं, मधूनच अंगावर धावून येणारे आठ पायांचे प्राणी. गोळ्या झाडायच्या, वाट शोधायची. तुळसी असलं काही जन्मात पहिल्यांदा बघत होती. प्राण्यांचं तिला काही वाटलं नाही, पण...

"याच्याशी बोलायला कुणीच नाही का हो?"

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कुणीच नाही, म्हणाला. दोन महिने फिरतोय, पुढचं दार सापडत नाही. आई तंजावरला, खोलीवर लवकर जाऊन तरी काय करायचं?

तिने बटणं हाती घेतली. पायांखाली गार फरशी होती, समोर पडद्यावर भला मोठा काळा खांब. देवळातल्या सवयीने तो उजव्या हाताला ठेवून ती भोवती चालू लागली.

"मी नेहमी पलीकडून जातो," तो म्हणाला.

"उलटी प्रदक्षिणा कोण घालतं?"

त्या बाजूने येताना भिंतीतली फट दिसली. आत गेली, तर निळा समुद्र आणि वर दोन चंद्र. तुळसीचे डोळे भरून आले. किती दिवसांनी तिला काहीतरी नवं दिसलं होतं! मग तिने त्याला हैदराबादचं सगळं सांगून टाकलं.

"तुमची इच्छा आहे?" त्याने विचारलं.

"नाही. दमलेय मी."

"रविवारी मी... आईला घेऊन तुमच्या घरी आलो तर?"

"रविवारी त्यांना उत्तर जाणार."

"मग शनिवारी. आजच तंजावरला जातो, आणतो तिला."

"तुम्हीही थकलेलेच दिसता."

"आहेच. पण इथून पुढे तुमच्यासोबत थकायला आवडेल मला."

तुळसीने पदराने डोळे टिपले. "शनिवारी बँक अर्धा दिवस असते," ती म्हणाली. "तीननंतर या."