उजवा घुमट

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर माझं एक्स-रेचं दुकान होतं. मी डॉक्टर असून दुकान म्हणतो, कारण बायको तेच म्हणायची. १९९१ साली मला भुताखेतांपेक्षा व्होल्टेजची धास्ती जास्त होती.

त्या मे महिन्यात उरणचा दयाराम कोळी दम लागतो म्हणून आला. त्याचा भाऊ कुंदन होडीवरून पडून बेपत्ता झाला, त्याला आठ दिवस झाले होते. सोबत कुंदनची बायको मैना होती. घरचे दहाव्याच्या तयारीला लागले होते, पण ही हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवायला तयार नव्हती.

फिल्मवर दयारामचं उजवं श्वासपटल वर सरकलेलं दिसलं. छाती आणि पोट यांच्यामधला हा स्नायू, डावा-उजवा असे त्याचे दोन घुमट. श्वास घेताना ते खाली उतरतात. मानेतून येणारी नस दुखावली की त्या बाजूचा लुळा पडतो. हालचाल बघायला मी दयारामला यंत्राच्या पडद्यामागे उभं केलं आणि दिवे घालवले.

"श्वास रोखून धर."

डावा घुमट थांबला. उजवा सावकाश खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. मी यंत्र बंद करून चालू केलं. तेच.

"ह्यो दम माजा नाय, डाक्टर," दयाराम पुटपुटला. "कुंदनचा हाय. त्यो जित्ता हाय."

बाहेर मैना दारालाच उभी होती. "काय दिसला?"

खरं सांगितलं असतं तर गावाने मला वेड्यात काढलं असतं. "नस दुखावलीय," मी म्हणालो. "बाकी काही नाही."

"मंग दहावा करू?"

"करा."

दोन दिवसांनी भर दुपारी दयारामला रिक्षातून आणलं. मैनाचे हात ओकेबोके होते. "सकाली दहावा उरकला," ती म्हणाली. "तवापासून यांना लय दम लागतो."

मी पुन्हा दिवे घालवले.

"रोख श्वास."

डावा थांबला.

उजव्याला एक झटका बसला. मग दोन, लागोपाठ. जरा विसावा. पुन्हा झटके.

ही हालचाल कोणत्याही डॉक्टरला ओळखता येते.

पडद्याच्या उजेडात मी दयारामच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे कोरडे, ओठ घट्ट मिटलेले.

उजवा घुमट हुंदके देत होता.